बांध नसलेलं शिवार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट इंग्लंडमधल्या एका खेड्याची आहे, पण सुरुवात आमच्या बांधापासून करतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना पुढचं सांगायचीही गरज नाही.

सातारा जिल्ह्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. पलीकडे चुलत्यांची. मध्ये एक बांध. मी लहान असताना त्या बांधावरून बैलगाडी जायची, असं वडील सांगतात. आता त्यावरून माणूस चालताना तोल सावरत चालतो. दरवर्षी नांगरटीला कुणीतरी वीतभर आत घेतं आणि म्हणतं, 'बैल सरकला'. पुढे ट्रॅक्टर आला, तेव्हा 'ड्रायव्हर नवीन होता' सुरू झालं. दोन वेळा सरकारी मोजणी झाली. दोन्ही वेळा रोवलेले दगड पुढच्या पावसाळ्यापर्यंत गायब. वडील आणि काका एकोणीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. दावा चालू आहे. वकिलांना आजवर जेवढे पैसे दिले, तेवढ्यात तो कोरलेला तुकडा चारदा विकत घेता आला असता. हा हिशोब मी एकदा घरात मांडला होता. नंतर परत मांडला नाही.

हे डोक्यात असताना मी मागच्या ऑक्टोबरात मावसबहिणीकडे नॉटिंगहॅमला गेलो होतो. तिने विचारलं, कुठे जायचंय? रॉबिन हूडचं शेरवूड बघायचं का? म्हटलं, शेरवूड जवळच आहे तर बघू, पण मला लॅक्स्टनला ने. तिने नावही ऐकलेलं नव्हतं.

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशायरमधलं एक छोटंसं खेडं. एक मुख्य रस्ता, एक चर्च, एक पब. लाल विटांची, कौलारू घरं. त्यातली बरीचशी शेतघरं रस्त्याला पाठ किंवा तोंड करून नाहीत, कूस करून उभी आहेत. त्रिकोणी भिंत रस्त्याकडे आणि अंगण मागे. बघायला आलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं प्रश्न पडतो की इथे आलो कशाला? मग गावाबाहेर पडलं की कळतं. समोर शेकडो एकरांचं एकच रान पसरलेलं असतं. कुंपण नाही, झुडपांची ओळ नाही, बांध नाही. ते रान एकाचं नाही. त्यात अनेक शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या आहेत, एकीला लागून दुसरी. आणि हे असं मध्ययुगापासून चालू आहे.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "इथे भांडणं कशी होत नाहीत?"

होतात. तीच तर गोष्ट आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आज आपण इंग्लंडचं खेडं म्हणून जे चित्र बघतो, म्हणजे हिरव्या कुरणांचे चौकोन आणि भोवती झुडपांची कुंपणं, ते चित्र देशाच्या फार मोठ्या भागात अलीकडचं आहे. मध्य इंग्लंडमधली बहुतेक गावं पूर्वी लॅक्स्टनसारखी होती. गावठाण एका जागी आणि शिवार भोवती. आपल्याकडे जसं असतं तसंच. शिवाराचे दोन किंवा तीन मोठे भाग. लॅक्स्टनमध्ये आज तीन आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. चौथं ईस्ट फील्ड होतं, ते मागेच संपलं. एका भागात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, म्हणजे बार्ली, वाटाणा, घेवडा वगैरे, आणि तिसरा भाग पड. दरवर्षी पाळी फिरते. तीन वर्षांनी चक्र पूर्ण.

आता गंमत बघा. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या असतात. एकत्र नाहीत. म्हणजे गव्हाच्या वर्षी तुझं सगळंच पड, असं होत नाही. शिवाय एक पट्टी चढावर, एक सखल भागात, एक ओढ्याच्या अंगाला. लॅक्स्टनची माती लाल आणि जड चिकणमाती. पावसाळी वर्षात सखल पट्टी सडते, तेव्हा वरची तारते. कोरड्या वर्षात उलट. अर्थशास्त्राच्या इतिहासकार डिअर्ड्रा मॅक्लॉस्की यांनी तर मांडलं की विखुरलेल्या पट्ट्या हा शेतकऱ्यांचा विमाच होता. विम्याच्या कंपन्या नव्हत्या तेव्हाचा. आपल्याकडेही आजोबांच्या वाटण्या आठवा. मळ्यातलं प्रत्येकाला थोडं, माळावरचं प्रत्येकाला थोडं. नंतर आपणच त्या वाटण्यांना अडाणीपणा म्हणायला लागलो आणि तुकडे जोडायला कायदा केला.

पट्टीच्या आकाराचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. जड मातीत नांगराला आठ बैलांपर्यंत जुंपावे लागायचे. एवढं लांबलचक आऊत वळवायचं म्हणजे केवढा खटाटोप. मग तास जितकं लांब तेवढं बरं. एका दमात बैल ओढतील एवढं लांब तास, त्याचं इंग्रजी नाव फर्लांग. त्याचा शब्दशः अर्थच 'तासाची लांबी'. फर्लांग म्हणजे २२० यार्ड. आणि २२० यार्ड लांब, २२ यार्ड रुंद अशी पट्टी म्हणजे एक एकर. ढोबळमानाने एका दिवसाची नांगरट.

२२ यार्ड! क्रिकेटवाले लगेच कान टवकारतील. हो, खेळपट्टीची लांबी तीच. सर्वेक्षणाची साखळी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. आणि इंग्रजांनी आपल्याकडे मोजणी केली तेव्हा मुंबई इलाख्यात याच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आम्ही चुलत्यांशी ज्या तीन गुंठ्यांसाठी भांडतोय, त्यांचं माप कुठल्यातरी इंग्रजी बैलाच्या दमावर बेतलेलं आहे. हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग?" बरोबर आहे. मग काही नाही.

तर लॅक्स्टन. या गावाबद्दल एवढं बारीक का माहीत आहे, तर एका नकाशामुळे. १६३५ साली मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने सगळ्या गावाचा नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात बावीसशेच्या वर पट्ट्या एकेक करून दाखवल्या आहेत आणि सोबतच्या वहीत कोणती कुणाची हे लिहिलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर गावनकाशा आणि उतारे, दोन्ही. नुसत्या रेघा नाहीत. त्यात नांगर चालवणारा माणूस आहे, कापणी करणारी माणसं आहेत, शिकारीच्या मागे धावणारे कुत्रे आहेत. मोजणीदाराला चित्रं काढायला सवड होती, असा तो काळ.

हा नकाशा काढून घेतला तो गावाच्या तेव्हाच्या मालकाने, सर विल्यम कोर्टीन याने. इथे मी नाव वाचलं आणि थांबलो. कारण हे नाव आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेलंय.

कोर्टीन हा फ्लँडर्सहून धार्मिक छळामुळे लंडनला आलेल्या एका शिंप्याचा मुलगा. कापडाच्या व्यापारात अमाप पैसा केला. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसवर इंग्रजांची पहिली वसाहत १६२७ साली झाली, ती याच्या पैशाने. राजाला कर्ज द्यायचा. त्याच पैशातून जमिनी घेतल्या, त्यात लॅक्स्टन. आणि ज्या वर्षी त्याने लॅक्स्टनची मोजणी करवली त्याच १६३५ साली राजा पहिला चार्ल्स याने त्याला आणि त्याच्या भागीदारांना पूर्वेकडे व्यापार करायची परवानगी दिली. ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता असताना! कंपनी संतापली, पण राजापुढे काय करणार. १६३६ च्या एप्रिलमध्ये जॉन वेडेलच्या हाताखाली कोर्टीनची जहाजं निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला लागली. पुढे भटकळ आणि कारवारला या मंडळींच्या वखारी झाल्या. कारवारची वखार म्हटलं की आपल्याला शिवकाळ आठवतो. तिची सुरुवात या कोर्टीनच्या लोकांनी केलेली.

कोर्टीनला यातलं काही कळलंच नाही. जहाजं वाटेत असतानाच १६३६ मध्ये तो वारला. पूर्वेच्या व्यापारात त्याचा मुलगा बुडाला, कर्जबाजारी होऊन देश सोडून गेला. लॅक्स्टन विकलं गेलं आणि पियरपाँट घराण्याकडे आलं. हेच पुढे ड्यूक ऑफ किंग्स्टन आणि त्यानंतर अर्ल मॅन्व्हर्स. म्हणजे एका व्यापाऱ्याने आपली मालमत्ता किती, याचा हिशोब लावायला नकाशा काढला. मालमत्ता गेली, घराणं गेलं, नकाशा राहिला.

आता मुख्य प्रश्न. बाकीची गावं बदलली तर हेच का राहिलं?

बाकीच्या गावांचं काय झालं, ते आधी सांगतो. इंग्रजीत त्याला एन्क्लोजर म्हणतात. आपण कुंपणबंदी म्हणू. पट्ट्या एकत्र करायच्या, गायरान वाटून टाकायचं, प्रत्येकाला एका जागी तुकडा द्यायचा आणि त्याला कुंपण घालायचं. काही ठिकाणी हे आपसात झालं. पण १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने यासाठी ५,२०० हून जास्त कायदे केले. एकेका गावासाठी एकेक कायदा. अडुसष्ट लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या भागाहून थोडी जास्त. ज्याच्याकडे भरपूर जमीन होती त्याचा फायदा झाला. उत्पादन वाढलं, हेही खरं आणि ते लपवायचं कारण नाही. पण ज्याच्याकडे दोन पट्ट्या आणि गायरानात एक गाय सोडायचा हक्क होता, त्याचं काय? त्याला हक्काच्या बदल्यात जो तुकडा मिळाला त्याला कुंपण घालायचा खर्चही परवडेना. त्याने तो विकला. आणि ज्याचा हक्क कागदावर नव्हता, नुसता वहिवाटीचा होता, त्याला बहुतेक ठिकाणी काहीच मिळालं नाही. काल गाय होती, आज मजुरी.

लॅक्स्टनला हे का झालं नाही? मला वाटलं होतं, गावकरी लढले असतील. नाही. कुणी उदार जमीनदार होता का? तसंही नाही. जमीनदारांनी अठराव्या शतकापासून अधूनमधून प्रयत्न केले. पूर्वेकडचा काही भाग कुंपणात गेलाही. पण गावात एकटे मॅन्व्हर्स नव्हते. दुसरा मोठा मालक अर्ल ऑफ स्कारबरो होता, शिवाय स्वतःच्या मालकीच्या पट्ट्या असलेले छोटे शेतकरी होते. दोन अर्लांचं आपसात जमेना. वाटणी कशी, खर्च कुणाचा, यावर घोडं अडलं. ते जमेपर्यंत एकोणिसावं शतक संपत आलं आणि शेतीला मंदी आली. कुंपणबंदीवर पैसा घालण्यात अर्थ उरला नाही. लॅक्स्टनचा इतिहास लिहिणारे जॉन बेकेट यांनी हे कागदपत्रांवरून तपशिलात दाखवलंय. सबंध इंग्लंडचा मध्ययुगीन वारसा म्हणून जे आज मिरवलं जातं, ते दोन बड्या लोकांच्या न मिटलेल्या वाटणीमुळे वाचलं. वाटण्या न मिटण्याचा असाही उपयोग असतो तर.

पण नशिबाने वाचणं वेगळं आणि पुढे चालत राहणं वेगळं. चालत राहिलं ते कशामुळे, तर पाहणीमुळे.

लॅक्स्टनचं एक न्यायालय आहे, त्याला कोर्ट लीट म्हणतात. मूळचं हे जमीनदाराचं न्यायालय, सरंजामी काळातलं. अशी न्यायालयं सगळीकडे होती, आता बहुतेक ठिकाणी नुसता समारंभ उरलाय. १९७७ मध्ये पार्लमेंटने कायदा करून असल्या जुन्या न्यायालयांचे उरलेसुरले न्यायिक अधिकार काढून घेतले. त्या कायद्यात लॅक्स्टनचा अपवाद केला. कारण ते खरोखर काम करत होतं.

कसं काम करतं ते सांगतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी गावातली बारा माणसांची ज्युरी, म्हणजे पंच म्हणा, त्या वर्षी गहू पेरलेल्या रानात जाते. नुकतीच पेरणी झालेली असते, तासं स्पष्ट दिसतात. हातात लाकडी खुंट आणि ते ठोकायला हातोडा. पट्टीपट्टीच्या टोकाला जाऊन बघायचं, हद्द सरळ आहे का? कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत घुसलंय का? कुणी गवताळ पट्ट्यात किंवा रस्त्यात नांगर घातलाय का? खुंट रोवायचे. ज्याने हद्द ओलांडली त्याचं नाव लिहून घ्यायचं. मग सगळे गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये. पुढच्या गुरुवारी त्याच पबमध्ये कोर्ट बसतं. जमीनदाराचा कारभारी अध्यक्ष. ज्युरी अहवाल देते, दंड सांगितला जातो, आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. दंड काही पौंडांचा. आमच्या वकिलाच्या एका तारखेच्या चहापाण्यापेक्षा कमी.

मी हे वाचलं तेव्हा मनात आलं, हे तर बांध कोरण्यावरचं औषध आहे! आमच्याकडे वीतभर कोरलेलं कळतं तेव्हा एकोणीस वर्षं झालेली असतात. इथे एका पावसाळ्याच्या आत बारा शेजारी येऊन बघून जातात. वीत ही वीत असतानाच पकडली जाते. तिचा हात होत नाही, हाताची काठी होत नाही, आणि काठीचा दावा होत नाही. शिवाय यंदा ज्याला दंड झाला तो पुढच्या वर्षी स्वतः ज्युरीत असू शकतो. त्यामुळे फार ताठा कुणालाच परवडत नाही.

आपल्याकडेही हे होतं. शिवेचा वाद गोतसभेपुढे जायचा, शेजारगावचे पाटील यायचे, आणि शीव चालून दाखवायचा मान आणि जोखीम गावच्या महाराकडे असायची. सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. त्याच महाराला गावात राहायला जागा नव्हती. तसंच लॅक्स्टनचंही फार गोड चित्र काढायला नको. कोर्ट लीट हे पंचायत म्हणून जन्मलेलं नाही. ते मालकाचं कोर्ट होतं. मध्ययुगात इथली कुळं मालकाच्या जमिनीवर वेठ करत होती. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मोठा मातीचा उंचवटा आहे. शेरवूडच्या राजवनाचे रखवालदार तिथे राहायचे. वर चढून उभं राहिलं की सगळं शिवार नजरेखाली येतं. बांधणाऱ्याचा हेतू तोच असणार. चर्चमध्ये त्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी मूर्ती आहेत, आणि एका बाईची लाकडी. त्या मूर्तीपुढे मी बराच वेळ उभा होतो. सातशे वर्षं टिकलेलं लाकूड. कुळांच्या मूर्ती अर्थातच कुठे नाहीत.

गवताचा विषय राहिला. रानांच्या मध्ये ओढ्याकाठच्या, नांगर न घालता येणाऱ्या गवताळ जागा आहेत. त्यांना तिथे साइक म्हणतात. त्या कुणा एकाच्या नाहीत. त्यातलं गवत कापायचा हक्क दरवर्षी लिलावाने जातो. शतकानुशतकं नांगर न लागल्यामुळे तिथे अशी रानफुलं आणि गवतं टिकलीत की त्या आता कायद्याने संरक्षित आहेत. पूर्वी पीक निघालं की सगळं रान चरायला खुलं व्हायचं. आपल्याकडे धनगर मेंढरं बसवतात ना, तसंच. काडही खाल्लं जातं, खतही पडतं. पण कुणी किती जनावरं सोडायची याचा आकडा ठरलेला. हक्क घरांना जोडलेले. चुकार जनावर धरून कोंडवाड्यात टाकायला गावाचा एक माणूस, त्याला पिंडर म्हणायचे. सोडवायचं तर पैसे भरा.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण १९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला, 'ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स'. तो जगभर गाजला. त्याचं म्हणणं, सगळ्यांसाठी खुलं कुरण असेल तर प्रत्येक जण एक गाय जास्त सोडणार, आणि कुरण संपणार. म्हणून एकतर सरकारचं करा नाहीतर खासगी करा. आपल्याकडे गायरानं वाटायची वेळ आली की साहेब लोक अजून हेच ऐकवतात. पण लॅक्स्टनमध्ये कुरण 'सगळ्यांसाठी खुलं' कधीच नव्हतं. आकडा होता, पिंडर होता, ज्युरी होती. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली अशी उदाहरणं गोळा करून नेमकं हेच दाखवलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्डिनने बहुधा कोंडवाडा पाहिलाच नसावा.

आता आजचं. लॅक्स्टन जसंच्या तसं राहिलंय असं समजू नका. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मॅन्व्हर्सने पट्ट्या जोडून मोठ्या केल्या. सगळं शिवार आता खुलं नाही. साधारण ४८० एकर खुलं उरलंय. ट्रॅक्टर आहेत, फवारणी आहे. इंग्लंडमध्ये खुल्या रानाचे अवशेष इतरत्रही आहेत, डेव्हनमधलं ब्राँटन वगैरे. पण तीन रानांची पाळी, ज्युरी आणि कोर्ट, हे सगळं एकत्र चालू आहे ते फक्त इथे. १९३८ मध्ये ऑर्विन पतीपत्नींनी या गावावर पुस्तक लिहिलं आणि लॅक्स्टन अभ्यासकांच्या नकाशावर आलं. १९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सने गाव शेती मंत्रालयाला विकलं. ही पद्धत जपली जाईल, अशी अपेक्षा होती. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं. आणि मग क्राउन इस्टेटने ते विकायला काढलं.

तेव्हा गावात काय वाटलं असेल, विचार करा. शेतकरी मुख्यतः कुळं आहेत. एकत्र पाळी ठरवतात, एकमेकांच्या हद्दी तपासतात, पण जमीन त्यांची नाही. नवीन मालकाने उद्या म्हटलं असतं, एवढ्या पट्ट्या कशाला, एकाच मोठ्या शेतकऱ्याला द्या, तर हजार वर्षांची पद्धत एका सहीने संपली असती. बारा जणांची ज्युरी पट्टीवाल्याला दंड करू शकते, मालकाला नाही. शेवटी २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने ते घेतलं. म्हणजे कोण? त्याच पियरपाँट-मॅन्व्हर्स घराण्याचे वारस. ज्यांच्या पूर्वजांना कुंपण घालायला जमलं नाही, त्यांच्याकडेच गाव परत आलं. पाळी चालू आहे, कोर्ट चालू आहे. पण असली शेती आजच्या भावात परवडायला अवघड आहे, आणि हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. विखुरलेल्या पट्ट्यांमध्ये यंत्रं फिरवायची म्हणजे डिझेल आणि वेळ दोन्ही जातात. पुढची पिढी थांबली तरच ज्युरीला बारा माणसं मिळतील.

आम्ही गेलो त्या दिवशी बारीक पाऊस होता. गव्हाचं रान नुकतंच पेरलेलं. मी पट्ट्यांमधली हद्द शोधत होतो आणि मला ती दिसत नव्हती. माझ्या डोळ्यांना बांधाची सवय. मग बहिणीने दाखवलं, तासांची दिशा किंचित बदलते तिथे. तेवढीच खूण. मी मोबाइलवर फोटो काढला आणि वडिलांना पाठवला.

रात्री त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न, "बांध कुठाय?" म्हटलं, नाही. "मग मोजणी?" म्हटलं, दरवर्षी बारा शेजारी येऊन खुंट मारतात. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि खुंट कुणी उपटत नाही?"

मी म्हटलं, उपटला तर सगळ्या पबमध्ये कळतं.

"हं," म्हणाले. मग विषय बदलून, तिकडे थंडी किती आहे, स्वेटर नेलायस का, वगैरे. पुढच्या महिन्यात तारीख होती. तिला काकाही आले होते, नेहमीसारखे वेगळ्या बाकावर. तारीख पुढे गेली. येताना वडील काकांना ओलांडून थेट बसस्टँडकडे गेले नाहीत. थोडे थांबले. काय बोलले ते मला माहीत नाही, मी गाडी काढायला गेलो होतो.

चला, या भागात इतकंच. तुमच्या गावात हद्दीचा वाद कोर्टाबाहेर मिटल्याची खरी गोष्ट असेल तर जरूर लिहून कळवा. कोंडवाडा अजून चालू असलेलं गाव कुणाला माहीत असेल तर तेही. भेटू पुढच्या भागात.